घोड्याच्या कातड्याचं जॅकेट

अमेरिकन साहेबांचं जॅकेट मी काळं करून घेतलं, ही गोष्ट मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे. मुलीला त्याहून थोडी जास्त, कारण तिनं मला आधी टोकलं होतं. सगळीच्या सगळी माहीत असलेला माणूस एकच, अल खोबरमधले एक कोकणी शिंपी, ज्यांना मी चाचा म्हणायचो. त्यांनी ती कुणाला सांगितली असेल असं मला वाटत नाही. तो त्यांचा मोठेपणा. माझ्याकडे तसलं काही नाही, म्हणून निदान सांगून तरी टाकतो.

मी नाशिकचा, मेकॅनिकल इंजिनिअर. सौदीत धाहरानला तेलकंपनीच्या देखभाल विभागात होतो आणि राहायला खोबरला. सकाळी कंपनीच्या बसनं जायचं, संध्याकाळी यायचं. साहेब आमच्या विभागाचे प्रमुख. उंच, साठीकडे झुकलेले, बोलायला मोकळे, पण कामात सांगितल्यापेक्षा कमी केलेलं त्यांना चालत नसे आणि जास्त केलेलंही चालत नसे. हे दुसरं मला दहा वर्षांत कळायला हवं होतं. हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी ते आणि त्यांचे दोघे-तिघे मित्र मोटरसायकली काढून समुद्राच्या कडेकडेनं लांब जाऊन यायचे. आम्ही मंडळी तेव्हा घरात पोहे खात वर्तमानपत्र वाचत असू.

एकदा जानेवारीत ते मोटरसायकलवरूनच ऑफिसला आले आणि खुर्चीच्या पाठीवर त्यांनी एक जुनं काळं चामड्याचं जॅकेट टाकलं. मी विचारलं, "सर, हे फार जुनं दिसतंय?" कुतूहल म्हणून विचारलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. साहेबाच्या आवडीचा विषय काढणं ही नोकरीतली जुनी विद्या आहे आणि ती मला चांगली येत होती. पण साहेब सांगायला लागले आणि मी खरंच ऐकत राहिलो.

त्यांच्या देशात मोटरसायकली नवीन होत्या तेव्हा लोक लोकरीचे कोट घालून त्या चालवत. वारा आत शिरायचा आणि माणूस पडला की कोटाबरोबर कातडीही सोलून निघायची. मग रेनकोट शिवणाऱ्या कारागिरांनी चामडं हातात घेतलं. कपड्याला चेन लावणं तेव्हा नवलाचंच होतं. ती त्यांनी बटणांच्या जागी लावली, पण मधोमध न लावता एका बाजूनं तिरकी. मला वाटायचं ती फॅशन. साहेबांनी मला खुर्चीवर उलटं बसवलं, पुढे वाकून दोन्ही हात लांब धरायला सांगितले. "आता शर्टाची बटणं बघ," म्हणाले. पोटाशी शर्टाचा फुगा झाला होता आणि दोन बटणांमधून बनियन दिसत होतं. सरळ चेनचंही तेच होतं, आणि नेमका तिथेच वारा येतो. तिरक्या चेनमुळे छातीवर चामड्याचे दोन पदर येतात आणि वाऱ्याला फट सापडत नाही. कॉलरच्या टोकांना टिचबटणं होती, नाहीतर वेगात कॉलर गालावर थपडा मारते. पाठीवर खांद्यांजवळ दोन घड्या होत्या, हात पुढे केले की त्या उघडत. बाह्यांना मनगटाशी चेन, खिसे तिरके, कारण बसलेल्या माणसाचा हात तिरकाच जातो. इतकी वर्षं मी पंपांच्या सीलमध्ये डोकं घालत होतो, पण कुणी कपड्याचाही इतका हिशेबी विचार करतं हे मला कधी सुचलं नव्हतं.

"आणि हे गाईचं नाही, घोड्याचं आहे," ते म्हणाले. शेतात नांगराला आणि शहरात गाड्यांना घोडे जुंपलेले होते तोवर त्यांच्याकडे घोड्याच्या कातड्याला तोटा नव्हता. ते गाईच्या कातड्यापेक्षा घट्ट, सुरुवातीला अंगाला टोचणारं, आणि एकदा अंगाचं झालं की सुटत नाही असं. मग ट्रॅक्टर आले, ट्रक आले, घोडे गेले आणि त्या कातड्याची जॅकेटंही हळूहळू गेली. "इंजिनसाठी शिवलेलं जॅकेट इंजिनानंच संपवलं," असं म्हणून साहेब हसले. ते जॅकेट त्यांच्या वडिलांचं होतं. वडील कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर होते आणि युद्धावरून परत आल्यापासून कित्येक हिवाळे पाळीवर जाताना त्यांनी ते घातलं होतं.

घरी येऊन मी बायकोला हे सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मेलेल्या घोड्याचं मेलेल्या माणसानं घातलेलं. आणि तुम्ही ते हातात धरून आलात, आधी हात धुवा."

ती निताकतची वर्षं होती. परदेशात न राहिलेल्यांसाठी सांगतो. सौदी सरकारनं ठरवलं होतं की प्रत्येक आस्थापनेत ठरावीक प्रमाणात सौदी माणसं नोकरीला हवीतच. जी हे पाळेल ती हिरवी, जी पाळणार नाही ती लाल. लाल मालकाकडच्या परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, पुढे वाढवून मिळत नसे. त्यानं हिरवा कफील, म्हणजे परवान्याला जबाबदार असणारा मालक, शोधायचा, नाहीतर सामान बांधायचं. सरकारचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्या पोरांना आपल्या देशात काम मिळावं असं कुणाला वाटणार नाही? नाशिकला कारखान्यात बाहेरची माणसं भरली म्हणून ओरडणाऱ्यांत मीही एके काळी होतो. पण तिथं आम्हीच बाहेरचे होतो, आणि माझ्याच टेबलाशेजारी बसलेल्या एका हुशार सौदी इंजिनिअरला माझंच काम मी शिकवत होतो. विभागातून कोण राहणार आणि कोण जाणार याची यादी साहेब देणार होते. मुलगी दहावीला होती. रोज जेवताना माझ्या डोक्यात तीच यादी असायची.

चाचांचं दुकान खोबरच्या एका मागच्या गल्लीत होतं. ते श्रीवर्धनच्या बाजूचे, पंचावन्नच्या पुढचे, बारीक अंगाचे. बायकोचे ब्लाउज शिवून मिळतील का विचारायला तिच्याबरोबर गेलो आणि आम्ही आपसात मराठीत बोलतोय हे ऐकून त्यांनी शिलाई थांबवली. "काय हो, गावचे का तुमी?" म्हणाले आणि दोन बिनदुधाचे सुलेमानी चहा मागवले. त्या दिवसापासून आमचं जाणं-येणं सुरू झालं. ते सौदी लोकांचे पायघोळ तोब शिवत, शाळेचे गणवेश शिवत, सोफ्यांची कव्हरं करत. पण तारुण्यात त्यांनी मुंबईला चामड्याच्या कारखान्यात परदेशी जाणारी जॅकेटं शिवली होती आणि त्यांचा खरा जीव चामड्यात होता. त्यांच्या कफीलचं एक बांधकामाचं ऑफिसही होतं, सगळी माणसं एकाच नावावर. ते ऑफिस लाल झालं आणि चाचा त्यात सापडले. इकाम्याचे अडीच महिने उरले होते. मुलगा पनवेलला फार्मसी शिकत होता, त्याची दोन वर्षं बाकी होती.

"दोन वरसं मिळाली की बस," चाचा म्हणायचे. "मंग मी हितं एक दिस राहायचा नाय."

मी त्यांच्यासाठी साहेबांकडे शब्द टाकला, हेही खरं आहे. तेवढं चांगलं काम मी केलं होतं. कंपनीच्या वसाहतीतल्या क्लबचं फर्निचर आणि बसच्या सीटा दुरुस्त करणाऱ्या कंत्राटदाराला चामड्याचं काम येणारा एक कारागीर हवा होता. तो कंत्राटदार हिरवा होता, आणि क्लबच्या समितीवर साहेब होते. त्यांचं एक पत्र गेलं असतं तर चाचांचा कफील बदलला असता. साहेब तेव्हा महिनाभराच्या रजेवर अमेरिकेला निघाले होते. म्हणाले, "माझ्या जॅकेटच्या चेनचा रनर तुटलाय आणि डाव्या खिशाची शिलाई उसवलीय. तुझ्या माणसाला ते करू दे. हात चांगला असेल तर आल्यावर पत्र देतो. पण चेन आणि शिलाई. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

हे वाक्य मी कितीदा मनात पुन्हा ऐकलंय. त्यात संशयाला कुठेही जागा नव्हती.

चाचांनी जॅकेट टेबलावर पसरलं तेव्हा त्यांनी आधी तिथले दोरे-चिंध्या बाजूला करून कपडा अंथरला. मग चष्मा लावून अर्धा तास ते नुसतं बघत बसले. मला हाक मारून एकेक दाखवत होते. दोन्ही छातीचे भाग एकाच कातड्यातून कापलेले, म्हणून सुरकुत्या दोन्हीकडे सारख्या. काखेत एक वेगळा तुकडा घातलेला, हात वर केला तरी कंबर वर ओढली जाऊ नये म्हणून. टाके इतके एकसारखे की त्यांनी पट्टी लावून मोजले आणि मान हलवली. "हा शिवणारा माणूस घाईत नव्हता," म्हणाले. दमामच्या भंगार बाजारात हिंडून त्यांनी जुना पितळी रनर शोधला. खिसा शिवताना मशीन वापरलं नाही, जुन्याच भोकांतून हातानं सुई काढली. नवीन भोक पडलं तर घोड्याचं कातडं तिथून फाटत जातं, असं त्यांचं म्हणणं.

तीन दिवसांनी जॅकेट घेऊन मी घरी आलो आणि पलंगावर पसरून बघितलं. काम सुरेख होतं. चेन एका बोटानं वर जात होती. पण दिसायला ते होतं तसंच. कोपरं तपकिरी पडलेली, कॉलरची घडी तपकिरी, उजव्या खिशाच्या कडेला रुपयाएवढा एक तपकिरी डाग. मला वाटलं, साहेब बघतील आणि विचारतील, यात काय केलं? आमच्या घरी शेजाऱ्यांचं भांडं परत करताना आई ते चिंचेनं लख्ख घासायची आणि रिकामं कधी द्यायची नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडून जाताना बरी होऊन गेली पाहिजे, हे आमच्या हाडात. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिलो की माझी चूक संस्कारातून झाली. पण आईला कुठल्या शेजारणीकडून बढती नको होती. मला यादीत राहायचं होतं. साहेबांनी जॅकेट उघडावं आणि त्यांचे डोळे चमकावेत आणि पुढे मला बघितलं की त्यांना ते आठवावं, एवढाच माझा विचार होता.

मुलगी दारात उभी होती. मी म्हटलं, "जरा काळा रंग मारून घेतला तर नवंकोरं होईल."

ती म्हणाली, "बाबा, इट्स सपोज्ड टू लुक ओल्ड. डोंट."

मी म्हटलं, "तू तुझा अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी मी जॅकेट परत चाचांकडे नेलं. रंगाचं ऐकून चाचांनी सुई खाली ठेवली.

"साहेब, ह्यो रंग उडालेला नाय," ते म्हणाले. "आदीच्या वक्ताला कातडं झाडाच्या सालीत कमवून भुरं करायचे आनि वर काळा हात मारायचे. काळं झिजतं तवा आतला चहासारखा रंग दिसतो. जानकार मानूस त्याच्यासाठीच हे जपतो. ह्याच्यावर रंग मारला तर तो आत मुरंल. मंग निघायचा नाय."

"चाचा, साहेबांना मी ओळखतो. त्यांना टापटीप आवडते."

"त्यांनी सांगितलंय का रंग मारायला?"

इथं मी खोटं बोललो असतो तर आज थोडं हलकं वाटलं असतं, इतकी विचित्र गोष्ट आहे. मी खोटं बोललो नाही. त्याहून वाईट केलं. म्हणालो, "सांगितलं नाही, पण खूष होतील. आणि चाचा, तुमचं पत्र त्यांच्याच हातात आहे. ते खूष झाले तर तुमचंच काम होणार आहे ना?"

चाचांनी जॅकेटची बाही उलटसुलट करून पाहिली. गरजू माणसाला त्याच्या गरजेची आठवण करून दिली की त्याला वाद घालता येत नाही, हे मला ठाऊक होतं. मग ते म्हणाले, "तुमी सांगताव म्हणून करतो. माझं मन नाय."

दोन दिवसांनी जॅकेट मिळालं. एकसारखं काळं, गुळगुळीत, दुकानाच्या काचेतल्यासारखं. चाचांनी त्यातही काम चोख केलं होतं, रंग कुठे अस्तराला लागलेला नव्हता. मी त्यांना शाबासकी दिली. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, पुढचा तोब मशीनखाली सरकवला.

साहेब रजेवरून आले त्या दिवशी मी जॅकेट पातळ कागदात गुंडाळून त्यांच्या टेबलावर ठेवलं. मुद्दाम दहा वाजता, चहाच्या वेळी, केबिनचं दार उघडं असताना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. साहेबांनी कागद काढला. आधी त्यांना ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं असावं, कारण त्यांनी आतलं अस्तर उलटून पाहिलं. मग उजवा खिसा बोटांनी चाचपला, कडेवरून अंगठा फिरवला.

"इथं एक डाग होता," ते म्हणाले. "कुठे गेला?"

साहेब खाली बसले. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं की वडिलांची उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली होती. ते हात लपवायला कायम खिशात घालत आणि अंगठा बाहेर ठेवत. तो डाग त्या अंगठ्यानं पडलेला होता, कित्येक वर्षांत. वडील गेल्यावर साहेब जॅकेट घालत ते हात त्याच खिशात घालून, अंगठा त्याच जागी ठेवून.

"हे कुणी करायला सांगितलं?" त्यांनी विचारलं. चिडून नव्हे. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं.

माझ्या तोंडून शब्द निघाले तेव्हा मला जराही विचार करावा लागला नाही, याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते. पाय घसरताना भिंत धरतो तसं मी ते वाक्य धरलं. म्हणालो, "सर, मी फक्त चेन आणि शिलाई सांगितली होती. त्यानं आपल्या मनानं केलं. म्हातारा माणूस आहे, त्याला वाटलं तुम्ही खूष व्हाल." आणि वर म्हणालो, "चूक माझीही आहे सर, मी लक्ष ठेवायला हवं होतं." ते शेवटचं वाक्य मी का घातलं? मोठेपणा दाखवायला. दुसऱ्याच्या गळ्यात घोंगडं टाकून त्याच्याबद्दल दिलदारीही मीच दाखवली.

साहेब म्हणाले, "ज्याला सांगितलं तेवढंच करता येत नाही, त्याला मी क्लबच्या कामावर कसा घेऊ?" त्यांनी जॅकेट कागदात न गुंडाळता तसंच कपाटात ठेवलं आणि दिवसाच्या कामाची फाईल मागितली.

तोंड उघडायला मला तेव्हाही वेळ होता. दुपारी होता, दुसऱ्या दिवशी होता, पुढचा आठवडाभर होता. माझा इकामा कंपनीचा, त्याला काही धक्का नव्हता. गेलं असतं तर यादीतलं नाव गेलं असतं, तेही कदाचित. मी गेलो नाही. चाचांचे फोन यायचे. "साहेब, पत्राचं काय झालं?" मी सांगायचो, "साहेब बिझी आहेत, बघतो." एकदा तर "इन्शाल्ला होईल" असंही म्हणालो. देवाला कामाला लावून खोटं बोलायची ही पद्धत तिथं सगळेच वापरतात, पण माझ्या तोंडी तो शब्द त्या दिवशी घाण वाटला. मग मी फोन घेणंच कमी केलं. त्यांच्या गल्लीवरून जावं लागू नये म्हणून भाजीही लांबून आणू लागलो. बायकोनं विचारलं तर म्हणालो, तिकडे पार्किंग मिळत नाही.

यादी लागली. माझं नाव राहिलं. पुढे कधीतरी बोलता बोलता साहेबांच्या सेक्रेटरीकडून कळलं की साहेबांनी ती रजेवर जाण्यापूर्वीच सही करून पाठवली होती. म्हणजे जॅकेट चाचांकडे जायच्या आधीच माझी नोकरी राहिली होती. मी ते ऐकलं आणि शौचालयात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो.

इकाम्याची मुदत संपायला थोडे दिवस उरले तेव्हा चाचांनी स्वतःच कफीलकडून एक्झिट, म्हणजे कायमचं परत जायची परवानगी, घेतली. लपून राहून काम करणारे पुष्कळ होते, पण त्यांना ते नको होतं. फोनवर एवढंच म्हणाले, "खलास, जातो आता. दमामवरनं दुपारचं विमान हाय. टॅक्सी सांगितलीय." मी म्हटलं, टॅक्सी रद्द करा, मी सोडतो. माझ्या मनात काय होतं? वाटेत सांगून टाकीन, माफी मागेन, असं होतं. निदान स्वतःला तरी मी तसं सांगितलं होतं.

दुकानासमोर दोन बॅगा आणि दोरीनं बांधलेलं एक खोकं घेऊन चाचा उभे होते. मशीन त्यांनी एका बंगाली शिंप्याला देऊन टाकलं होतं. गाडीत बसल्यावर ते मुलाबद्दल बोलले. त्याला आता संध्याकाळी एका औषधाच्या दुकानात काम धरावं लागणार होतं, शिक्षण सुटणार नाही, पण लांबेल. मी हो हो करत राहिलो. विमानतळाचा रस्ता लांब आहे, दोन्ही बाजूंना वाळू आणि विजेचे खांब. प्रत्येक पाटी दिसली की मी ठरवायचो, पुढच्या पाटीला बोलायचं.

अर्ध्या वाटेवर चाचाच बोलले.

"तुमचे साहेब आले होते दुकानात."

मी विचारलं, "कधी?"

"झाला महिना. ते जॅकेट घेऊन आले होते. रंग काढता येतो का विचारत होते. मी बोललो, निघायचा नाय. मंग ते मला बोलले, तू असं का केलंस, तुला तर चेनचंच सांगितलं होतं." चाचा समोर रस्त्याकडे बघत होते. "तवा माझ्या ध्यानात आलं, तुमी काय सांगितलंय ते."

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय बोलनार? बोललो, हां साहेब, माझीच चूक. मला वाटलं बरं दिसंल." मग ते म्हणाले, "तुमची पोरगी दहावीला. तुमच्या नोकरीचं तुमी किती वेळा रडताव, मी ऐकलंय. दोघांचं जान्यापरीस एकाचं गेलेलं बरं."

मी रडलो असतो तर बरं झालं असतं. मला रडूही आलं नाही. विमानतळ आला. गाडी लावली, ट्रॉली आणली, बॅगा चढवल्या, खोकं वर ठेवलं. दाराशी गर्दी होती, माझ्यासारखेच कुणी कुणाला सोडायला आले होते. चाचांनी पासपोर्ट खिशात आहे का चाचपलं आणि माझ्याकडे तोंड केलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तो पदरात घेतला असता. राग नव्हता. एक गोष्ट त्यांना कळत नव्हती आणि जाण्याआधी ती कळून घ्यायची होती, एवढंच.

"एकच विचारतो, साहेब," ते म्हणाले. "तुमी मला आदी येऊन का नाय बोललाव? बोलला असताव, की चाचा, तुमच्यावर ढकलतो, मला वाचवा, तर मी नाय थोडंच म्हटलं असतं. मला विचारायचं तरी होतं."

हे ऐकून मी काय केलं ते लिहिण्यासाठीच इथवर आलो आहे. माफी मागायचं सगळं तयार होतं, खोबरपासून जुळवत आणलं होतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "चाचा, चेक-इन सुरू झालं असेल."

त्यांनी मान हलवली आणि ट्रॉलीची दांडी माझ्या हातातून आपल्या हातात घेतली.